कपाटाच्या मापाचे खोके, घरच्याच पुठ्ठ्याचे

मिक्सरचे, बुटांचे, औषधांचे, ऑनलाइन मागवलेल्या सामानाचे असे एकेक खोके माळ्यावर चढत जाते आणि दिवाळीच्या साफसफाईत सगळी एकदम रद्दीवाल्याकडे जातात. मग साठवणीसाठी बाजारातून प्लास्टिकचे डबे येतात. पुठ्ठा टिकत नाही, हे त्यामागचे कारण पूर्ण चुकीचे नाही. घरी केलेल्या बहुतेक खोक्यांचा तळ वर्षभरात खाली झुकतो, झाकण अडकते, पावसाळ्यात कडा फुगतात आणि आत झुरळे होतात. पण यातल्या जवळजवळ प्रत्येक तक्रारीचे मूळ तीन गोष्टींत सापडते. माप कप्प्याचे न घेता हाती आलेल्या खोक्याचे घेतलेले असते, पुठ्ठ्याच्या नळ्या चुकीच्या दिशेने लावलेल्या असतात आणि कापलेल्या कडा उघड्या राहिलेल्या असतात. हे तिन्ही सांभाळले तर लोखंडी कपाटात ठेवलेले पुठ्ठ्याचे खोके कितीतरी वर्षे चालते.

खाली एका झाकणाच्या खोक्याची पूर्ण कृती दिली आहे. माप एका नमुन्याच्या कप्प्याचे आहे. तुमचा कप्पा वेगळा असेल, पण हिशेबाची रीत हीच राहील.

पुठ्ठा ओळखणे

खोक्याची कापलेली कड डोळ्यांसमोर धरा. दोन सपाट कागदांमध्ये नागमोडी कागद दिसला तर तो थ्री प्लाय, साधारण ३ मि.मी. जाड. तीन सपाट कागद आणि त्यांच्यामध्ये दोन नागमोडी थर दिसले तर फाइव्ह प्लाय, ५ ते ६ मि.मी. या नागमोडी थरामुळे पुठ्ठ्याच्या पोटात नळ्या तयार होतात. पुठ्ठ्याची सगळी ताकद या नळ्यांत असते. नळ्या उभ्या असतील तर भिंत वरचे ओझे पेलते. आडव्या असतील तर तीच भिंत थोड्या वजनानेही कमरेत वाकते. म्हणून कारखान्यात बनलेल्या साध्या खोक्याच्या चारही भिंतींत नळ्या उभ्याच असतात. घरी तुकडे कापताना मात्र ही दिशा कुणी पाहत नाही. कापण्याआधी प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलीने नळ्यांच्या दिशेचा बाण काढून ठेवा.

पुठ्ठा आणायचा कुठून? औषधांच्या दुकानातली खोकी सर्वांत चांगली. ती कोरडी आणि स्वच्छ असतात, बहुतेक वेळा फाइव्ह प्लाय असतात. झेरॉक्सच्या दुकानातली कागदाची खोकीही दणकट असतात, कारण ७५ जीएसएमच्या (चौरस मीटरला ७५ ग्रॅम) कागदाच्या एका ए४ रिमचे, म्हणजे ५०० कागदांचे, वजनच सुमारे २.३ किलो भरते आणि अशी पाच-दहा रिमे त्या खोक्याला पेलायची असतात. त्या खोक्याचा तळ मात्र कागदाच्या मापाचाच असतो. सुटे कागद मावतात, फाइल मावत नाही. किराणा दुकानातली तेलाच्या पिशव्यांची खोकी फुकट मिळतात खरी, पण त्यांवर तेलाचा एक जरी डाग असला तरी घेऊ नका. तेलकट पुठ्ठ्यावर मैद्याची खळ किंवा फेविकॉल धरत नाही, शिवाय खवट वास पुढे कपड्यांना लागतो. फ्रीज-टीव्हीच्या खोक्यांचा पुठ्ठा मोठा आणि सलग मिळतो. एका खोक्यात अख्ख्या कपाटाचे काम होते.

घरात आणण्याआधी खोके दाराबाहेरच उलगडा. झाकणांच्या घड्यांत आणि नळ्यांच्या उघड्या तोंडांत झुरळांच्या अंड्यांचे कोष असतात. तपकिरी, चकचकीत, राजम्याच्या खुरटलेल्या दाण्यासारखे. एक कोष दिसला तरी ते खोके सोडून द्या. बाकीच्यांना एक दिवस कडक ऊन दाखवा. अंगठ्याने दाबल्यावर पुठ्ठा मऊ लागला, खळगा तसाच राहिला, तर तो एकदा भिजून वाळलेला आहे. तो वरून कितीही नवा दिसो, भिंतीच्या कामाचा नाही. खणांतल्या विभाजकांना, म्हणजे कप्पे पाडणाऱ्या पट्ट्यांना, चालेल.

माप कप्प्यापासून सुरू करा

समजा लोखंडी कपाटाचा कप्पा ८६ सें.मी. रुंद, ४५ सें.मी. खोल आणि ३० सें.मी. उंच आहे आणि त्यात शेजारी शेजारी तीन खोकी बसवायची आहेत. रुंदीतून सरकवायला २ सें.मी. सोडा, उरले ८४. तिघांत वाटले की २८. हे माप खोक्याचे नसून झाकणाचे, तेही बाहेरून, कारण झाकण हाच खोक्याचा सर्वांत रुंद भाग असतो. बहुतेक हिशेब इथेच चुकतो आणि तिसरे खोके कप्प्यात जात नाही.

आता २८ मधून आत या. झाकणाच्या दोन भिंती थ्री प्लायच्या, ३ आणि ३ मिळून ६ मि.मी. खोक्यावरचे आणि झाकणाच्या आत दुमडलेले कापड मिळून २ मि.मी. झाकण सहज निघावे म्हणून दोन्ही बाजूंना मिळून ४ मि.मी. मोकळीक. एकूण १२ मि.मी. म्हणजे खोक्याची बाहेरची रुंदी २६.८ सें.मी. त्याची भिंत बाहेरून फाइव्ह प्लाय ५ मि.मी. आणि आतून थ्री प्लायचे अस्तर ३ मि.मी., म्हणजे दोन्ही बाजूंचे १६ मि.मी. गेले. आत वापरायला उरले २५.२ सें.मी. २८ च्या जागेत २५ चेच खोके बसते, हे आधी कळलेले बरे. साड्यांच्या घड्या त्या मापाने घालता येतात.

लांबीलाही हाच हिशेब. ४५ मधून दार आणि कडीसाठी ३ सोडले, झाकण ४२, खोके बाहेरून ४०.८, आतून ३९.२. उंचीत वर हात घालायला किमान ५ सें.मी. हवेत, म्हणून खोके २४ सें.मी. उंच. पुठ्ठा ५ मि.मी. न निघता ६ भरला तर हे सगळे आकडे बदलतील, तेव्हा पट्टीने जाडी मोजूनच कागदावर आकडेमोड करा.

साहित्य

एका खोक्यासाठी: फाइव्ह प्लाय पुठ्ठा, ७१ × २९ सें.मी.चे दोन तुकडे आणि तळासाठी ४० × २६ चा एक. थ्री प्लाय, झाकणासाठी ५२ × ३८ चा एक सलग तुकडा, शिवाय अस्तर आणि तळाच्या दुसऱ्या थरासाठी उरलेसुरले. फेविकॉल एमआर १०० ग्रॅम. खळीसाठी मैदा ५० ग्रॅम. जुनी सुती साडी किंवा चादर. वह्यांना घालतो तो खाकी कागद, नसेल तर वर्तमानपत्र. पुठ्ठा कापायला रुंद पात्याचा कटर, स्टीलची फूटपट्टी, गुण्या, घडी पाडायला शाई संपलेले बॉलपेन, दाबायला लाटणे, कपडे वाळवायचे चिमटे आणि वजनाला जाडजूड पुस्तके.

कात्रीने पुठ्ठा कापू नका. कात्री नळ्या चेपत जाते आणि कड दबली की तिथे भिंतीची उंची एक-दोन मि.मी. कमी होते. कटरनेही एका दमात आरपार कापायला जाऊ नका. पहिल्यांदा फक्त वरचा कागद कापा, दुसऱ्यांदा मधला, तिसऱ्यांदा खालचा. पाते बोथट झाले की नागमोडी कागद फाटून कड दातेरी होते. पात्याचे पुढचे टोक मोडून नवे टोक काढायला कंजुषी नको. खाली रद्द पुठ्ठा, पट्टी धरलेला हात पात्याच्या वाटेबाहेर.

भिंती

४०.८ × २६.८ चे खोके एका सलग पट्टीतून करायचे तर १३७ सें.मी. लांब पुठ्ठा लागेल. तो क्वचितच मिळतो, म्हणून दोन अर्ध्या भागांतून करायचे. प्रत्येक तुकडा ७०.६ सें.मी. लांब आणि २९ सें.मी. उंच, नळ्या उंचीच्या दिशेने. डावीकडून ४ सें.मी. वर एक उभी रेघ (ही चिकटपट्टी), तिच्यापुढे ४०.३ वर दुसरी, उरलेला भाग २६.३. बाहेरचे माप ४०.८ असताना ४०.३ का? पाच मि.मी. जाड पुठ्ठा वळतो तेव्हा घडीपासून बाहेरच्या कडेपर्यंत अर्धी जाडी प्रत्येक कोपऱ्यात वाढते. दोन कोपऱ्यांची मिळून एक पूर्ण जाडी. ती आधीच वजा केली.

खालच्या कडेपासून ५ सें.मी. वर एक आडवी रेघ ओढा. या भागाच्या पाकळ्या आत दुमडून तळाची चौकट होणार आहे. चिकटपट्टीखालचा ५ सें.मी.चा तुकडा कापून टाका. बाकी दोन पाकळ्यांच्या टोकांना ४५ अंशांत तिरपा छेद द्या, म्हणजे दुमडल्यावर कोपऱ्यात एकावर एक चढणार नाहीत.

आता घड्या. आडवी घडी नळ्यांना काटकोनात असल्यामुळे सरळ पडते. उभी घडी नळ्यांना समांतर आहे आणि तीच दगा देते. पुठ्ठा रेघेवर न मुडपता शेजारच्या पोकळ नळीत घसरतो आणि कोपरा ३-४ मि.मी. सरकतो. उपाय सोपा आहे. रेघेवर स्टीलची पट्टी ठेवून कोरडे बॉलपेन दोन-तीनदा दाबून ओढा, रेघेवरची नळी पुरती चेपली पाहिजे. मग पट्टी न हलवता पुठ्ठा तिच्या कडेवरून वर उचला. कागद फाटेल इतका दाब नको. फाटलाच तर तिथे आतून कापडाची ४ सें.मी. रुंद पट्टी चिकटवा आणि पुढे चला.

चिकटपट्टी पाच मि.मी. जाड राहिली तर आत फुगवटा येतो आणि अस्तर बसत नाही. तिच्या आतल्या बाजूला ओले फडके पाच मिनिटे ठेवा आणि थर एकेक करून सोलून काढा. बाहेरचा एक कागद शिल्लक ठेवा. तो वाळल्यावर फेविकॉल लावून दुसऱ्या तुकड्याच्या मोकळ्या कडेच्या आत चिकटवा, लाटण्याने दाबा, चिमटे लावा. सांध्यावर आतून आणि बाहेरून सहा सें.मी. रुंद सुती कापडाची पट्टी फेविकॉलनेच लावा. सांध्याची खरी ताकद या कापडात असते. दोन्ही सांधे झाले की चौकट सपाट जमिनीवर ठेवून गुण्याने कोपरे तपासा, कर्ण मोजा. दोन्ही कर्ण सारखे आले म्हणजे चौकट काटकोनात आहे. वाळेपर्यंत तिरके बसलेले खोके नंतर सरळ होत नाही आणि झाकण जन्मभर एका कोपऱ्यात अडते.

तळ

बहुतेक खोकी तळात मरतात, म्हणून इथे वेळ द्या. चार पाकळ्या आत दुमडा. त्यांच्या मधोमध ३०.८ × १६.८ ची पोकळी राहते. ती ३०.५ × १६.५ च्या फाइव्ह प्लाय तुकड्याने भरा (हा उरलेल्या पुठ्ठ्यातून निघेल), नाहीतर तळ चौकटीवर टेकतो आणि मध्ये अधांतरी राहून झोळीसारखा उतरतो. वर ३९.६ × २५.६ चा फाइव्ह प्लाय, नळ्या लांबीच्या दिशेने. त्याच्यावर त्याच मापाचा थ्री प्लाय, पण नळ्या रुंदीच्या दिशेने. नळ्या एकमेकींना छेदतात तेव्हा तळ दोन्ही दिशांनी ताठ राहतो. एकाच दिशेने लावलेले तीन थरसुद्धा त्या दिशेने वाकतात.

फेविकॉल बोटाएवढ्या रेघांत ओतू नका. जुन्या एटीएम कार्डाने किंवा पुठ्ठ्याच्या तुकड्याने पातळ आणि सर्वभर पसरवा. जाड थराचे पाणी पुठ्ठ्यात मुरते आणि नळ्या मऊ पडतात. आत पुस्तके रचून रात्रभर दाबून ठेवा. अर्ध्या तासात पकड येते, पण पूर्ण ताकद यायला २४ तास लागतात.

तळ वाळला की अस्तर लावा. दोन लांब तुकडे ३९.६ × २२.५ आणि दोन आखूड २५ × २२.५, थ्री प्लाय, नळ्या आडव्या. आधी लांब बाजू, मग त्यांच्यामध्ये आखूड. बाहेरच्या भिंतीत नळ्या उभ्या, अस्तरात आडव्या. भिंत आता बाहेर फुगतही नाही आणि खाली बसतही नाही.

कडा बंद करणे

हे काम कंटाळवाणे आहे आणि म्हणूनच बहुतेक जण टाळतात. वरच्या काठावर सगळ्या नळ्यांची तोंडे उघडी दिसतात. पावसाळ्यातली दमट हवा तिथूनच आत शिरते, कसर आणि झुरळे तिथेच घर करतात. दमट हवेत पुठ्ठा पाणी ओढतो आणि हवा फार ओलसर झाली तर त्याची ताकद निम्म्यावर येऊ शकते. कोकणात किंवा मुंबईत जूननंतर घट्ट बसणारी खोकी अचानक मऊ लागतात ती यामुळे. खाकी कागदाच्या ५ सें.मी. रुंद पट्ट्या कापा, फेविकॉल लावून काठावरून दोन्हीकडे अडीच-अडीच सें.मी. दुमडा, नखाने घासून बसवा. झाकणाच्या कडाही अशाच बंद करायच्या. सेलोटेप इथे वापरू नका. वर्ष-दोन वर्षांत तिचा डिंक पिवळा होऊन सुकतो, पट्टी सुटते आणि वर लावलेले कापडही घेऊन जाते.

झाकण

थ्री प्लायच्या तुकड्यावर मध्ये ४१.७ × २७.७ चा आयत काढा, चारही बाजूंना ५ सें.मी. सोडा. एकूण तुकडा ५१.७ × ३७.७. चार रेघांवर घड्या पाडा. प्रत्येक कोपऱ्यातल्या ५ × ५ च्या चौकोनाला एकच छेद द्या, असा की चौकोन लांब बाजूच्या पाळीला जोडलेला राहील आणि आखूड बाजूपासून सुटेल. हे चौकोन आखूड पाळीच्या आत चिकटवायचे. तेही सोलून फक्त बाहेरचा कागद ठेवा. न सोलता लावले तर दोन्ही टोकांना ३-३ मि.मी. आत येतात आणि सोडलेली सगळी मोकळीक तिथेच संपते. कोरे झाकण कापडाआधी एकदा खोक्यावर घालून पाहा. ते या टप्प्यावर चक्क ढिले वाटले पाहिजे, चारही बाजूंना तीन-तीन मि.मी. आत्ता नेमके बसले तर कापड लागल्यावर बसणार नाही.

पाळी ५ सें.मी. पेक्षा खोल करू नका. खोल झाकण काढताना आत हवा ओढली जाते, खोकेही बरोबर वर उचलले जाते.

खळ आणि कापड

सांध्यांना फेविकॉल, कापडाला खळ. खळ स्वस्त पडते, हळू वाळते म्हणून कापड सरकवून सुरकुती काढता येते आणि वाळल्यावर कापडावर डाग दिसत नाही. ५० ग्रॅम मैदा ७५ मि.ली. थंड पाण्यात गुठळी न राहता कालवा. दुसऱ्या भांड्यात २७५ मि.ली. पाणी उकळवा, मंद आचेवर ठेवून त्यात हे मिश्रण धार धरून ओता, सतत ढवळा. चार-पाच मिनिटांत पांढरटपणा जाऊन ती किंचित पारदर्शक आणि चकचकीत होते. तेव्हा उतरवा. त्याआधी उतरवलेली खळ कच्ची राहते आणि वाळल्यावर पिठासारखी झडते. थंड झाली की चहाच्या गाळणीतून गाळा. उन्हाळ्यात ती दुसऱ्या दिवशी आंबते. आंबूस वास आला की फेकून द्या, वापरलेल्या ठिकाणी हमखास बुरशी येते.

खळीला कीड लागू नये म्हणून पुस्तक बांधणारे तिच्यात मोरचूद (निळे कॉपर सल्फेट) घालत आले आहेत. या मापाला एक ग्रॅम, म्हणजे चिमूटभर पुरतो. चमचाभर गरम पाण्यात विरघळवून, खळ आचेवरून उतरल्यावर मिसळायचा. मोरचूद विषारी आहे. स्वयंपाकाची भांडी-चमचे वापरू नका आणि अॅल्युमिनियम किंवा लोखंडाच्या भांड्यात तर अजिबात नको, धातूशी त्याची क्रिया होते. घरात रांगणारे मूल असेल किंवा खोके खेळण्यांचे असेल तर मोरचूद टाळा. पावसाळ्यात खोके करायचेच असेल तर खळीचाच नाद सोडा आणि तीन भाग फेविकॉलमध्ये एक भाग पाणी घालून तेच वापरा.

कापड सुतीच घ्या. सिंथेटिक साडीतून गोंद आरपार येतो, वर डाग पडतात आणि कडा आठवड्यात सुटतात. साडी धुऊन इस्त्री करा. खोक्याभोवती १३७ सें.मी. लांब आणि ३१ सें.मी. उंच पट्टी लागते, ४ सें.मी. वरून आत आणि ३ सें.मी. खाली तळावर दुमडायला. ही पट्टी साडीच्या लांबीच्या दिशेने कापा, त्या दिशेने सूत कमी ताणले जाते. झाकणाला ६० × ४६ चा तुकडा. खळ पुठ्ठ्यावर लावा, कापडावर नाही. ओले कापड ताणले जाते आणि वाळताना आखडते. एका वेळी एक बाजू, मधून कडांकडे तळहाताने.

आता खरी अडचण. झाकणाच्या एकाच अंगाला ओले कापड लावले की ते वाळताना आखडते आणि झाकण त्या बाजूने वाटीसारखे वळते. पुष्कळांना वाटते पुठ्ठा वाईट होता. तसे नसते. दुसऱ्या अंगालाही लगेच खळीने वर्तमानपत्राचा एक थर लावा, दोन्ही बाजूंचा ताण सारखा होतो. मग झाकण जाडजूड पुस्तकांखाली, मध्ये कोरे कागद घालून, एक दिवस. पावसाळ्यात तीन दिवस, आणि कागद रोज बदला. उन्हात वाळवू नका. बाहेरचा थर आधी सुकतो आणि आतला ओलावा कोंडून बुरशी धरतो. पंखा पुरे.

मूठ हवी असेल तर आखूड बाजूंना वरून ६ सें.मी. खाली, ८ सें.मी. अंतरावर दोन भोके पाडून जुन्या नाडीचा फास ओवा. गाठ आतून पुठ्ठ्यावर सरळ टेकू देऊ नका, सगळा भार एका बिंदूवर येऊन भोक फाटते. मुदत संपलेल्या कार्डाचा तुकडा भोके पाडून मध्ये घाला. तरी मुठीने पाच-सहा किलोपेक्षा जास्त उचलू नका. आणि या खोक्यात पुस्तके भरायचा मोह आवरा. आतली जागा सुमारे २२ लिटर आहे, पुस्तकांनी भरली तर वजन १५ किलोच्या पुढे जाते. पुस्तकांसाठी निम्म्या लांबीचे खोके करा.

काय ठेवावे, काय ठेवू नये

कपडे, चादरी, लोकर, शिवणसामान, दिवाळीच्या माळा, औषधांच्या पट्ट्या, वायरी: सगळे चालते. जरीच्या साड्या, जुने फोटो आणि महत्त्वाची कागदपत्रे पुठ्ठ्याला थेट लागू देऊ नका. पुनर्वापराच्या पुठ्ठ्यात आम्ल असते, त्याने काही वर्षांत कापड आणि कागद पिवळा पडतो. साड्या धुतलेल्या पांढऱ्या मलमलीत बांधा. फोटोंसाठी हे खोके योग्यच नाही.

अन्नाला नकोच. २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनुसार अन्न बांधायला किंवा साठवायला वर्तमानपत्र वापरण्यास आपल्याकडे मनाई आहे. वर्तमानपत्राचे अस्तर लावलेल्या खोक्यात सुटी डाळ किंवा फराळ ठेवू नये. कांदे-बटाट्यांना मात्र आंब्यांचे भोके असलेले खोके छान. वर झाकण नको, अस्तर नको, कांदे एकात आणि बटाटे दुसऱ्यात. ते दर वर्षी नवे घ्यावे, सजवण्यात वेळ घालवू नये.

स्वयंपाकघरात पुठ्ठ्यापेक्षा तेलाचा ५ लिटरचा कॅन बरा. तळाशी त्रिकोणात १ असेल तर ते पेट (पीईटी) जातीचे प्लास्टिक. गरम पाणी आणि धुण्याच्या सोड्याने धुवा (उकळते पाणी ओतू नका, पेट आकसते), खांद्याखाली कापा आणि कापलेली कड मंद तापलेल्या इस्त्रीवर, मध्ये कागद घालून, क्षणभर टेकवा. ती आत वळून गोल होते, हात कापत नाही. खिडकी उघडी ठेवा. त्रिकोणात २ असेल तर इस्त्रीच्या वाटेला जाऊ नका, ते वितळून चिकटते. कडेला कापडी पट्टी शिवा. पंधरा किलोचा पत्र्याचा डबा घरी कापण्यापेक्षा डबे बनवणाऱ्याकडे द्यावा. पत्र्याची कापलेली कड पात्यासारखी असते आणि तो कड दुमडून, कडी-बिजागरी लावून देतो.

खणांतले विभाजक पाच मिनिटांचे काम आहे. थ्री प्लायच्या पट्ट्यांना निम्म्या उंचीपर्यंत, पुठ्ठ्याच्या जाडीएवढ्या रुंद खाचा, एकीला वरून आणि दुसरीला खालून. खाच निम्म्याहून २ मि.मी. खोल ठेवली की पट्ट्या एका पातळीत बसतात.

पावसाळ्याआधी

खोकी जमिनीवर ठेवायचीच असतील तर खाली लाकडी पट्ट्या घालून पाच-सात सें.मी. उचला, बाहेरच्या भिंतीपासून तेवढेच दूर ठेवा. तळमजल्यावर वाळवी असेल तिथे पुठ्ठा ठेवूच नका, कितीही मोरचूद घातलेला असो. कडुनिंबाचा पाला घालायचा तर कुरकुरीत वाळलेला, पुरचुंडीत; अर्धवट सुकलेला पाला स्वतःच ओलावा सोडतो. डांबराच्या गोळ्या किंवा कापूर, दोन्हींपैकी एकच. दोन्ही एकत्र आले की त्यांचा तेलकट द्रव होतो आणि कपड्यांवर डाग पडतो. गोळ्या कापडात बांधून वरच्या थरावर ठेवा, कारण त्यांची वाफ हवेपेक्षा जड असते आणि खाली उतरते.

जूनच्या आधी एकदा सगळी खोकी रिकामी करून काठ पाहा. कापड सुटलेले दिसले तर लगेच फेविकॉल लावून चिमटे लावा. झाकण अडू लागले तर ते कापायला घेऊ नका. बहुतेक वेळा पुठ्ठा ओल धरून फुगलेला असतो. कोरड्या खोलीत पंख्याखाली दोन दिवस ठेवा आणि मग पुन्हा घालून पाहा. तरीही अडलेच तर झाकणाच्या आत दुमडलेल्या कापडाची दुहेरी घडी कोपऱ्यातून कात्रीने कमी करा, तिथे दीड-दोन मि.मी. सहज सुटते.